गद्रे मास्तरांचं मिनिट

गद्रे मास्तरांकडे स्वतःचं घड्याळ होतं, तरी सबंध भोरात लोकांना वेळ विचारत हिंडणारा माणूस म्हणजे तेच. पोस्टाच्या पायऱ्यांवर, शिंप्याच्या दुकानापुढे, इतकंच काय, नीरेच्या काठी धोतर पिळत उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ते विचारायचे, "किती वाजले असतील हो?" तो बिचारा आधी सूर्याकडे बघायचा, मग मास्तरांकडे. मास्तर आभार मानून पुढे चालू लागायचे. त्यांचं ते चांदीचं, झाकणाचं घड्याळ बाराही महिने कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला असायचं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा इंग्रजी सहावीत होतो आणि मास्तर आम्हांला पदार्थविज्ञान शिकवायचे. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणजे एक तराजू, दोन भिंगं आणि तडा गेलेली काचेची नळी. तेवढ्यात काय भागणार? म्हणून मास्तर प्रयोग आमच्या घरी पाठवायचे. एकेका मुलाने आठवडाभर घड्याळ घरी न्यायचं आणि जे मोजता येईल ते मोजून प्रयोगवहीत मांडायचं. झऱ्यावर घागर भरायला किती वेळ लागतो, पाळणा मिनिटाला किती झोके घेतो, चुलीवरचं पाणी कधी खळखळतं. वहीला तीन रकाने असायचे: तारीख, वेळ आणि मोजणी.

"वाटलं ते लिहू नका रे, मोजलं ते लिहा," हे त्यांचं पहिलं सांगणं. दुसरं, "हातात घेतलेलं मिनिट पुरं करा." आणि तिसरं, ज्याच्यापायी आम्ही सगळ्यांनी पट्ट्या खाल्ल्या, "रकाना रिकामा ठेवायचा नाही. काही घडलं नाही, तर 'काही घडलं नाही' असं लिहा. तेही निरीक्षणच आहे."

आमच्या वर्गातल्या शिंद्याने एकदा लिहून आणलं, बैल मिनिटाला पन्नास वेळा रवंथ करतो. मास्तरांना तो गोल आकडा खटकला. रविवारी ते त्याच्या गोठ्यात हजर! बैलासमोर पाट मांडून, घड्याळ उघडून बसले. नेमका त्या दिवशी बैल तोंड हलवीना. शिंद्याचा बाप कानकोंडा होऊन म्हणाला, "मास्तर, तुमी घरात बसा, च्या घ्या. त्यो लाजतोय तुमाला." मास्तर म्हणाले, "लाजू दे. त्याला घाई नाही, मलाही नाही." पाऊण तास बसले आणि त्रेचाळीसचा आकडा घेऊनच उठले. शिंद्याला दुसऱ्या दिवशी पट्टी मिळाली नाही, पण बैलाची क्षमा मागायला लावली.

दिवाळीनंतर माझी पाळी आली. आमचं गाव वेल्ह्याच्या वाटेवर; आठवडाभर मी शाळेसाठी भोरातच राहायचो. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की नसरापूरपर्यंत मिळेल त्या बैलगाडीने आणि पुढे गुंजवणीच्या काठाकाठाने पायी, असा माझा प्रवास. त्या दिवशी मी सगळी वाट छातीवरचा खिसा दाबून धरून चाललो. आत टिकटिक चालली होती. घरी आई, वडील, शेजारी सगळ्यांनी ते घड्याळ कानाला लावून बघितलं. कोनाड्यात ठेवतोय म्हटल्यावर आई म्हणाली, "आरं, गुरूची वस्तू ती. उंदरानं पाडली म्हंजी? देव्हाऱ्यात ठिव. थितं कुनाचा हात लागत न्हाई." मलाही ते पटलं. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे चार टाक होते, तसेच वाटोळे. त्यांच्या शेजारी घड्याळ ठेवून मी झोपलो.

रविवार हा आमच्या घरी खंडोबाचा वार. मी सकाळी झऱ्यावर गेलो आणि परत येतो तो वडील देवांना आंघोळ घालून गंध उगाळत बसलेले. तामणात टाकांच्या रांगेत घड्याळ होतं. दुधाने न्हालेलं, मग पाण्याने न्हालेलं, चिंचेने घासून लख्ख केलेलं. वर हळदीचं बोट. माझा चेहरा बघून वडील म्हणाले, "का रं? मास्तरांचं हाय ना? जितंजागतं हाय, बोलतंया. मग देवांना आंघूळ घालायची आन् त्याला तसंच पारोसं ठिवायचं व्हय?"

मी घड्याळ कानाला लावलं. काही नाही. हलवलं, तर काचेच्या आत दुधाचा थेंब इकडून तिकडे गेला. वडिलांवर रागावणार तरी कसा? त्यांनी आपल्याकडचा सगळ्यांत मोठा मान त्या वस्तूला दिला होता. त्यांना जेव्हा कळलं, तेव्हा ते सोवळ्यातच तसेच ओसरीवर जाऊन बसले. दिवसभर जेवले नाहीत. मी तर भोरला जाण्यापेक्षा शाळाच सोडावी अशा विचाराला आलो होतो.

सोमवारी शाळेत सगळ्यांसमोर तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून रात्रीच निघालो आणि शाळा भरण्याआधी मास्तरांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. खाटेवर काकू, मास्तरांच्या पत्नी, निजलेल्या. काकू आजारी आहेत हे आम्हां मुलांना माहीतच नव्हतं. छताच्या तुळईपासून खाटेशेजारी एक सुतळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला जुनं पितळी कुलूप. कुलूप इकडून तिकडे सावकाश हलत होतं. काकू त्याच्याकडे बघत मोठ्याने मोजत होत्या, "एक्केचाळीस, बेचाळीस..." आणि मास्तर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत दुसरंच काही मोजत होते. साठ झाल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, एकशे आठ.

डॉक्टरांनी काकूंचं हृदय दुबळं झाल्याचं सांगितलं होतं. रोज दोनदा नाडी मोजा, आकडा लिहून ठेवा, एवढंच त्यांच्या हाती राहिलं होतं. नाडी मोजायला मिनिट कळायला हवं आणि मिनिट दाखवणारं घड्याळ माझ्या खिशात! मास्तरांनी मग एकोणचाळीस इंच सुतळी मोजून हा लंबक टांगला होता. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, की एक सेकंद.

"मास्तर, तुम्ही मला दिलंत कशाला?" घड्याळ पुढे करताना मला रडू कोसळलं.

"पाळी तुझी होती," ते म्हणाले. मी कसंबसं सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं, आतलं पिवळं झालेलं दूध बघितलं. मला वाटलं, आता पट्टी येणार. ती आली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "किती वाजता थांबलं?" मी म्हणालो, "सात वाजून वीस मिनिटं." "वहीत लिहिलंस?" "नाही." "मग लिही."

काकू मात्र खाटेवर हसायला लागल्या. हसताना त्यांना धाप लागली, तरी हसत राहिल्या. "अहो, इतकी वर्षं संसार केला, पण दुधाने आंघोळ घड्याळालाच मिळाली हो!" मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "रडू नकोस रे. ह्यांना आकडा मिळाला की झालं. मला बरं वाटतंय का ते विचारत नाहीत, किती आले तेवढं लिहितात." मास्तर खाली मान घालून वही चाळत राहिले. विचारायची त्यांना भीती वाटत असावी, असं मला आता वाटतं. तेव्हा ते कळलं नाही.

घड्याळ पुण्याला जाऊन तसंच परत आलं. आतल्या कमानीला गंज चढला होता. मास्तरांच्या घरी आणि आमच्या प्रयोगांनाही आता लंबकच कायमचा झाला. पौषात काकूंना साठपर्यंत मोजताना दम लागू लागला, मध्येच आकडा चुकू लागला, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. शाळा भरण्यापूर्वी एकदा आणि सुटल्यावर एकदा मी जायचो; शनिवारी गावी जाणंही मी बंद केलं. मास्तर म्हणायचे, "सोड." मी कुलूप ओढून सोडायचो आणि मोजायचो. एकशे बारा. एकशे अठरा. एकशे चोवीस. आकडे किती नेटके मांडलेले असायचे त्या वहीत! त्यातल्या एकाही आकड्याला आम्हांला खाली ओढता येत नव्हतं. डॉक्टर यायचे, वही बघायचे, "छान ठेवलीत हो," म्हणायचे आणि चप्पल घालून निघून जायचे. मी लहान होतो, पण तिघेही पुरुष एका बाईच्या खाटेभोवती नुसते मोजत बसलो आहोत, हे मला कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

माघातला एक रविवार. भर दुपार. काकू सकाळपासून बोलल्या नव्हत्या. मास्तर मनगट धरून बसले. "सोड," म्हणाले. मी सोडलं. मास्तर ओठांत मोजत होते. मी तिसांच्या पुढे गेलो आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. बोटं मनगटावर तशीच होती. मी गप्प झालो.

"थांबलास का?" डोळे न उघडता ते म्हणाले. "मिनिट पुरं कर."

मी मोजलं. पस्तीस, छत्तीस... माझा आवाज मला ऐकू येईना, तरी मोजत राहिलो. साठ म्हणालो. सवयीने वही आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी तारीख लिहिली. वेळ लिहिली, दुपार. तिसऱ्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून बसले. मग वही मिटली आणि काकूंच्या उशाशी ठेवली. मी दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारली.

दोन आठवड्यांनी मास्तर वर्गावर आले. नेहमीसारख्या प्रयोगवह्या मागितल्या आणि टेबलाशी बसून एकेक तपासू लागले. शिंद्याच्या वहीत तिसरा रकाना रिकामा होता. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. शिंद्याने तर उठून हात पुढे केला.

मास्तर त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टाक दौतीत बुडवून खाली सही केली आणि वही त्याच्या पुढे केलेल्या हातावर ठेवली. मी मॅट्रिक होऊन भोर सोडेपर्यंत रिकाम्या रकान्यासाठी ते कुणालाही बोलले नाहीत.