गंजावर एकेकटे अणू
माझी वरच्या खोलीतली भाडेकरीण धाराशिवच्या कॉलेजात संशोधन करते. लोखंडाच्या गंजाच्या भुकटीवर प्लॅटिनमचे अणू एकेकटे बसवायचे, म्हणजे कमी प्लॅटिनममध्ये गाड्यांचा विषारी धूर निवळतो. बोलताना ती सारखी नखातली तांबडी भुकटी कोरते.

काम जमलं म्हणून मी गल्लीतल्या बायका बोलावून तिचा सत्कार ठेवला. ती खाली मान घालून आली.

"काकू, शाल नको. भट्टीत अणू एकमेकांना चिकटलेत, आज तपासणीत दिसलं. सरांना सांगून आले. आता परत पहिल्यापासून."

"अगं, इथं कुणाला कळतंय?" मी पुटपुटले.

तिचे कान लाल झाले. तरी बायकांपुढं उभं राहून तिनं तेच मोठ्यानं सांगितलं.

"व्हय का? मग पेढे?" एकीनं विचारलं.

"खा की," ती म्हणाली.

मी मात्र माझं पुटपुटणं आठवून हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.