शुगरमुळे

ही गोष्ट सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. ज्या दोघींना सांगायलाच हवी होती त्यांना गेल्या महिन्यात सांगितली, पण तुटक. एक वाक्य, मग गप्प, मग आणखी एक वाक्य. मला बोलता येत नाही. लिहिता येतं. म्हणून तुम्हाला लिहून सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

आम्ही रोह्याचे. पप्पा तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला होते, मम्मी घरी. मोठी ताई लग्न होऊन कॅनडाला गेली. मी पेणला जाऊन-येऊन नोकरी करते, रामवाडीजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती करणारे वेगळे. मी परदेशी जाणाऱ्या मूर्तींचे कागद करते. खोक्यात काय आहे, वजन किती, वाटेत सोंड मोडली तर विमा कुणाचा. बाहेरच्या लोकांना इंग्रजी मेल मीच लिहिते. पण त्यांचा फोन आला की मी उठते आणि खाली रंगाच्या खोलीत जाते. फोन दुसरं कुणीतरी उचलतं. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, हिला रंग बघायला आवडतं.

घरात मी 'इंग्लिश मिडियम'. हे जवळजवळ माझं नावच आहे. बँकेचा कागद आला, औषधाची चिठ्ठी आली, मिक्सरचं पुस्तक आलं — इंग्लिश मिडियमला दाखवा. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. मी दोन्ही टाळलं. दहावीपर्यंत जवळजवळ काहीच बोलले नाही. मार्क चांगले पडायचे, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाहीये. पुढचं समजायला लागेल, एवढ्यासाठी.

काही वर्षांपूर्वी ताईला पहिल्यांदा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण ती येऊ शकत नव्हती. मग माहेरानं तिकडे जायचं ठरलं — म्हणजे मम्मीनं, सहा महिन्यांसाठी. मम्मीनं त्याआधी विमान फक्त खालून पाहिलं होतं. पण तिला बाळाला न्हाऊ घालायचं होतं. पाटावर पाय लांब करून बसायचं, पोर पायांवर पालथं घ्यायचं, तेल, मग पाणी, मग शेक. आमच्या आळीतली कितीतरी पोरं तिच्या पायांवर न्हायली आहेत. आता लेकीचं पोर. याहून मोठं तिला आयुष्यात काही नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

प्रवासाची सगळी तयारी माझ्याकडे आली. आणि खरं सांगू? मला ती आवडली. तिकीट म्हणजे खर्चाचं फक्त तोंड असतं, मागचं धड कुणाला दिसत नाही. ते शोधायला मला मजा येऊ लागली. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला दोन फेऱ्या. वजन जास्त भरलं तर विमानतळावर भरावे लागणारे पैसे. तिकडच्या थंडीचा कोट — तो इथून घ्यायचा की तिथून? मम्मीच्या शुगरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणि त्यासाठी डॉक्टरांचं इंग्रजीत पत्र. फोनचं कार्ड. पैसे बदलताना दर वेळी कापला जाणारा थोडा थोडा भाग. मागे पप्पांचा डबा कोण देणार, तेही. मी रोज गाडीतून येताना विचार करायची आणि घरी येऊन एखादा नवा छुपा खर्च सांगायची. पप्पा मान डोलवायचे. "एजंटला पण म्हायती नाय एवढं," म्हणायचे. विम्याचा विषय निघाला तेव्हा तर म्हणाले, "गणपतीचा विमा काढते ती. मम्मीचा नाय काढणार?"

आता मम्मीनं एकटीनं जायचं कसं? मध्ये विमान बदलायचं होतं. समोरच्या काकूंनी उपाय सांगितला — तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागायची. फुकट असते. एक माणूस येतो आणि दारापासून दारापर्यंत ढकलत नेतो, वाट चुकायचा प्रश्नच नाही. त्यांची सासू तशीच गेली होती, दोन्ही पाय ठणठणीत असताना.

मम्मी ऐकेना. "मी काय लंगडी हाय? बाळंतपण करायला चाललेय का करून घ्यायला?"

"अगो, फक्त बसायचं," काकू म्हणाल्या.

"आणि जावय काय म्हणंल? सासू का दवाखान्यातनं उचलून आणली?"

सगळे हसले. मग पप्पा म्हणाले, "मग बाय जाईल सोबत. सोडून येईल, महिनाभर ऱ्हाईल. इंग्लिश मिडियमला घातली ती कशाला?" आणि विषय संपला. सगळ्यांच्या दृष्टीनं संपला.

माझ्या दृष्टीनं काय झालं, ते कसं सांगू? मी त्या रात्रीपासून मनानं विमानतळावरच राहायला गेले. काचेपलीकडचा माणूस मला काहीतरी विचारतोय आणि मला ऐकू येतंय, पण कळत नाहीये. मी उत्तर देतेय आणि तो 'सॉरी?' म्हणतोय. मागे रांग. आणि शेजारी मम्मी, माझ्याकडे बघत. मला त्या माणसाची भीती नव्हती. मम्मीला कळेल याची होती. पोटाला चिमटा काढून ज्या शाळेची फी भरली, तिथून लेक हे घेऊन आली — हे तिला त्या रांगेत उभं असताना दिसेल.

तेव्हा मी बोलू शकले असते. 'मम्मी, मला नाही जमणार' — एवढंच. ती रागावली असती, हसली असती, कदाचित खुर्चीवर बसायला तयारही झाली असती. मी ते नाही बोलले. मी दुसरं काहीतरी बोलले.

रविवार होता. निडीहून मामीनं कडवे वाल पाठवले होते; मम्मी ते निवडत बसली होती — तिकडे मिळत नाहीत, ताईला बिरडं लागतं. मी मोबाइल हातात धरून बाहेर आले आणि म्हणाले, विम्याचा प्रॉब्लेम आहे. कंपनी देत नाही म्हणतेय. तिकडे काही झालं तर एका दिवसाचा दवाखाना ताईला परवडायचा नाही.

तिकडचा दवाखाना महाग असतो, हे खरं होतं. बाकी खोटं होतं. विमा मिळत होता. हप्ता थोडा जास्त बसत होता, जुन्या आजारासाठी काही अटी होत्या, बस. ते पान माझ्यासमोर उघडं होतं. इतके दिवस मी खरे खर्च सांगत आले होते, त्यात हा एक सरकवला. कोण तपासणार होतं? घरात वाचणारी मीच.

मम्मीचा हात सुपात थांबला. "म्हंजे माझ्यामुळं?"

मी म्हणाले, "शुगरमुळे."

ती पुन्हा वाल निवडू लागली. ते वाल नंतर आम्हीच खाल्ले.

इथवर मी सांगितलं, आणि तुम्हाला वाटेल, संपलं. नाही. ताई होती ना. तिचा नवरा तिकडे एका दिवसात विमा काढू शकला असता. मम्मीनं फोनवर शुगरचं नाव काढलं असतं तर माझं खोटं तिथंच पडलं असतं. म्हणून मी आधी ताईला मेसेज केला. लिहिलं — मम्मी नको म्हणतेय. विमानाला घाबरते, घर सोडवत नाही तिला. तू विषय काढू नकोस, तिला वाईट वाटतं.

म्हणजे एकीला मी सांगितलं, तुला जाता येत नाही. दुसरीला सांगितलं, तिला यायचं नाही.

आणि ते टिकलं! कसं टिकलं असेल, विचार करा. मम्मीला आपल्या आजाराची लाज, ती फोनवर एवढंच म्हणाली, "नाय जमत गो, माझंच नशीब." ताईला ते बरोबर माझ्या मेसेजसारखंच ऐकू आलं. ती मानी आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. दोघींनी एकमेकींना समजून घेतलं आणि मी मध्ये उभी राहिले.

भाची झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर ताईनं व्हिडिओ पाहून तिला आंघोळ घातली. हे तिनं आम्हाला हसत सांगितलं. मम्मी पण हसली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मोरीत काहीतरी घासत होती.

मला काय वाटत होतं? सुटल्यासारखं वाटत होतं. जाणं रद्द झालं त्या दिवशी मी गाडीत खिडकीपाशी बसले आणि गडब गाव येईपर्यंत बाहेर बघत गेले, भाताची खाचरं, दुकानं — आणि मला फक्त बरं वाटत होतं. याची मला आज जास्त लाज वाटते. खोटं भीतीनं बोलले. हे बरं वाटणं मात्र निवांत होतं.

मम्मीनं चहातली साखर सोडली. मग भात कमी केला. आमच्याकडे भात सोडणं म्हणजे जेवण सोडण्यासारखंच. नाचणीची भाकरी खायची, सकाळी मेथीचे दाणे गिळायची, आणि पहाटे नदीकडे चालायला जायची — पावसातसुद्धा, छत्री घेऊन. आळीतल्या बायका चिडवायच्या, "म्हातारपणी फिगर करतेस काय गो?" ती म्हणायची, "व्हय, फोटो काढायचाय." मीही इतरांसारखं समजत होते की तब्येत जपतेय. खरंच समजत होते का? का मला तसं समजायचं होतं?

गेल्या महिन्यात ताईकडून बातमी आली, पुन्हा दिवस गेलेत. त्याच आठवड्यात मम्मी रक्त तपासून आली. दुपारची वेळ. चप्पलही काढली नव्हती. पिशवीतून रिपोर्ट काढून तिनं माझ्या हातात दिला, आणि तिच्या तोंडावर मी शाळेतून बक्षीस आणलं की असायचं तसं काहीतरी होतं. म्हणाली, "डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. आता तरी देतील ना विमा? बघ गो, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर."

इतकी वर्षं ती त्यासाठी चालत होती. मी सांगितलेल्या दारातून आत घेतील म्हणून. जे दार बंदच नव्हतं.

या वेळीही सोपं होतं, बरं का. 'हो, आता देतात' — एवढं म्हटलं असतं की सगळे खूश. मी तोंड उघडलं तेच म्हणायला. आणि ते आलं नाही.

म्हणाले, "मम्मी, तेव्हाही देत होते."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं — सोबत जायची भीती, इंग्रजी बोलता येत नाही, विमा, ताईला केलेला मेसेज. एक वाक्य, मग गप्प, मग आणखी एक. ती मध्येच खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्या हातातला रिपोर्ट परत घेऊन पिशवीत ठेवत म्हणाली, "मी आपली म्हेनत करून ऱ्हायले." मला नाही, स्वतःशीच. मग म्हणाली, "ताईला तू सांग. मी नाय सांगणार."

ताईची सकाळ होईपर्यंत थांबले आणि फोन केला. मेसेज नाही, फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती शिव्या देईल. मी तयार होते. तिनं एकच विचारलं, "म्हणजे मम्मीला यायचं होतं?"

मी हो म्हणाले.

"तिला फोन दे."

मी दिला आणि मागच्या दारी जाऊन बसले. आतून शब्द ऐकू येत नव्हते. आधी मम्मीचा रडण्याचा आवाज, मग दोघी एकदम बोलायला लागल्या, एकमेकींचं न ऐकता. खूप वेळ चाललं.

पप्पा आता रिटायर झालेत. ते आणि मम्मी दोघं जाणार आहेत. तयारी जोरात आहे. तिकिटं तिकडून आली. मम्मीचा विमा भावोजींनी काढला, माझ्याकडे कुणी काही वाचायला दिलं नाही. कोट कुठला घ्यायचा हे मला माहीत आहे, पण मला विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही.

ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. मम्मी जेवायला हाक मारते, ताट वाढते, पण आता मला लाडानं 'बाय' म्हणत नाही, नावानं बोलावते. भाचीचे पहिले सहा महिने गेले ते गेले. ती आता शाळेत जाते.

आणि मी? मला हलकं वाटतंय. सकाळी उठते तेव्हा काहीतरी सांभाळायचं आहे असं वाटत नाही. ज्यांचं मी हिरावून घेतलं, त्या दोघींच्या आधी मलाच हलकं वाटावं, हे काही बरोबर नाही. पण वाटतंय. तेवढंच लपवून ठेवलं असतं तर पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं, म्हणून तेही लिहिलं.