नारळ ज्याच्या हातात

चारकोपच्या त्या सोसायटीत सहदेव परबांइतकं खणखणीत गाऱ्हाणं दुसऱ्या कोणाला जमत नसे. तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेला हा मालवणी माणूस देवळासमोर नारळ धरून "बा देवा म्हाराजा" म्हणाला, की गुजराती शेजारीसुद्धा "होय म्हाराजा" म्हणून साथ देत.

फेब्रुवारीत सोसायटीची पाण्याची मोटार जळाली. खालची टाकी कोरडी असताना कोणीतरी ती चालू ठेवली होती. ते कोणीतरी म्हणजे सहदेव. वॉचमन जयवंत जेवायला गेला होता, म्हणून त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि घरी जाऊन आडवे झाले. ते कोणी पाहिलं नाही.

तीन दिवस टँकर आला. संशय जयवंतवर गेला.

"काका, सगळ्यांना नारळाची शपथ घालू या," सेक्रेटरी हर्षद म्हणाला. "मॅटर क्लोज."

रविवारी नारळ सहदेवांनी धरला. एकेकाने त्यावर हात ठेवून "मोटार मी लावली नाही" म्हणायचं. लोकांनी ते हसतखेळत म्हटलं. नारळ धरणाऱ्याला शपथ घ्यावी लागत नाही, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सहदेवांच्या ध्यानात होतं. म्हणून तर ते लगेच तयार झाले होते.

जयवंतने हात मागे घेतला. "मी लावली नाय, काका. पण शपथ नको. बायकोचे दिवस भरलेत."

"बघा! खरा असता तर घाबरला असता?" हर्षद म्हणाला. "उद्यापासून येऊ नको रे."

जो देवाला मानतो तोच शपथेला भितो, हे सहदेव गावी लहानपणापासून बघत आले होते.

"त्येना नाय केल्यान," ते म्हणाले.

"कशावरून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"मी सांगतंय मा."

"मग संपलं! तुमच्या शब्दापुढे नारळ काय? राहू दे त्याला."

जयवंत पाया पडायला वाकला. त्याला अडवायला सहदेवांचा एकही हात मोकळा नव्हता.

गणपतीत गाऱ्हाण्यासाठी हर्षद घरी बोलवायला आला. घसा बसलाय, असं सहदेवांनी सांगितलं. आत भाकरी थापणाऱ्या त्यांच्या बायकोचे, नलिनीचे, हात थांबले. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, नवऱ्याचा आवाज चाळीस घरांनी ऐकला असेल.

"आराम करा काका, गरम पाणी घ्या," हर्षद म्हणाला. त्याला ते लगेच पटलं.