दहावं कंपाउंड

आमच्या एम.फार्म.च्या लॅबमध्ये दोन वर्षांत कंपाउंड कमी आणि किस्से जास्त तयार झाले! त्यातले निम्मे प्रणालीचे. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. आमचा विषय मेडिसिनल केमिस्ट्री, म्हणजे पुढेमागे औषध होऊ शकतील अशी नवी कंपाउंड बनवायची. प्रणालीनं दहा कबूल केली होती. नऊ झाली, दहावं काही केल्या होईना. आणि बुटीबोरीच्या कंपनीतली नोकरी पदवीसाठी अडून बसलेली.

*

पहिल्यांदा फसलं ते मे महिन्यात. परदेशी पेपरात लिहिलेलं, ‘रूम टेम्परेचरला ढवळा.’ हिनं इमानदारीत ढवळलं. फ्लास्कमध्ये डांबर!

आमच्या गाइड मॅडमनी भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. त्रेचाळीस.

“काहून वं, लंडनची रूम अन् नागपूरची रूम एकच आहे का?”

दुसऱ्या दिवशी प्रणाली बेसाच्या घरून स्कुटीवर थर्मासभर बर्फ घेऊन हजर!

*

एकदा पांढरीशुभ्र पावडर निघाली. प्रणाली नाचायचीच बाकी होती. वजन केलं, तर यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, एकशे वीस टक्के!

मॅडम म्हणाल्या, “टाकलं त्याहून जास्त निघते ते तुह्या बाबाच्या वावरात. फ्लास्कात नाही. वाळव आधी!”

वाळवल्यावर कळलं, ते दहावं नव्हतंच. तिनं नाक पुसलं आणि फ्लास्क घासायला घेतला.

*

एका सीनियरनं सल्ला दिला, “माझ्या जुन्या कंपाउंडचा ग्राफ दहाव्याचा म्हणून लाव. कोण पाहून राहिलं?”

प्रणाली म्हणाली, “दुसऱ्याचं लेकरू माह्या नावावर कशाले?”

मी वरवर हसलो, पण खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला. मी तर ग्राफ लावून मोकळा झालो असतो.

*

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. आम्ही मागे बसलेलो. सरांनी थिसिस चाळला. “नऊच? दहाव्याचं काय?”

“सतरा वेळा फसलं, सर.” प्रणालीनं लॅबची वही पुढे ठेवली. “दर वेळी काय केलं अन् काय बिघडलं, सगळं लिहिलं आहे.”

सर वाचत बसले. एकेक पान. प्रणालीचा चेहरा पार उतरला.

शेवटी सरांनी चष्मा काढला. “ही पानं झेरॉक्स करून द्याल का? माझा पीएच.डी.चा विद्यार्थी दोन वर्षं हेच बनवतोय.”

मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, “आधी सही करा सर, मंग झेरॉक्स!”