जुन्या प्लेअरची परवानगी

माझी मावशी हट्टी. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं, असं आई म्हणायची. मावशी आणि काका दोघंही डिस्क बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मावशीच्या डोक्यात एकच खूळ होतं: डिस्कमध्ये जादा माहिती मावली पाहिजे, पण त्यापायी कुणाचा जुना प्लेअर भंगारात जाता कामा नये.

डिस्कवर सूक्ष्म खड्डे असतात. जुना प्लेअर खड्डा आहे की नाही, एवढंच बघतो. मावशीनं काही खड्डे किंचित उथळ ठेवले, काही किंचित खोल. त्या फरकात भरलेली जादा माहिती नवा प्लेअर वाचायचा. जुन्याला पत्ताही नसायचा, तो आपला गाणं वाजवत राहायचा. वरिष्ठांना हाव सुटली. फरक वाढवा, आणखी भरा! मावशी हटून बसली, कारण फरक वाढला की जुने प्लेअर अडखळणार. शेवटी तिचंच चाललं, असं काकांनी घरी येऊन सांगितलं. डिस्क ज्यांवरून छापतात ते साचे काकांच्याच ताब्यात होते. प्रत्येक नव्या साच्याची डिस्क ते घरी आणत, मावशी ती आपल्या जुनाट प्लेअरवर लावी आणि दोघं चहा पीत शेवटपर्यंत ऐकत. तिनं मान डोलावली की काका कारखान्यात फोन करत.

डिस्क बाजारात आल्या आणि मी मावशीकडे असताना शेजारीण तणतणत आली. "अहो, तुमची डिस्क अडतेय!"

"आधी प्लेअर पुसा," म्हणत मावशीनं तीच डिस्क आपल्या प्लेअरवर लावली. ती अडली. पुन्हा लावली, पुन्हा अडली. शेजारीण बिचारी डिस्क तिथंच टाकून निघून गेली.

मावशीनं काकांकडे पाहिलं. मला वाटलं, तेही चकित होतील. ते बशी पुसत राहिले.

"विकायच्या डिस्कचा साचा वेगळा आहे, वरिष्ठांना हवा तसा," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मी वेगळ्या काढून आणायचो. तू ऐकलं नसतंस. उगाच त्रास करून घेतला असतास."

मला त्यांचा असा संताप आला की ती बशी हिसकावून घ्यावीशी वाटली. मावशी मात्र ओरडली नाही.

"कारखान्यानं फसवलं असतं तर भांडले असते रे," ती म्हणाली. "तू माझ्या शेजारी बसून ऐकायचास. वर विचारायचास, कसं वाटलं?"

काका अजून त्याच घरात राहतात. त्यांनी आणलेली कुठलीही वस्तू, अगदी भाजीसुद्धा, मावशी आधी उलटसुलट करून बघते.