लोणारचे अंबादासभाऊ

नवीन माणूस भेटला की अंबादासभाऊ त्याच्यासमोर वाटी ठेवत. कुवेतमधल्या शुऐबा इथल्या कारखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या डब्यातली वाटी त्यांनी पुसून टेबलावर ठेवली. "हा काठ म्हणजे आमचं लोणार गाव. हे बूड म्हणजे सरोवर. पाण्याले यायची वाट हाये, जायची नाही. ऊन पाणी नेते, खार मागं राह्यते."

आमच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा बनत असे. मी नाशिकहून आलेला इंजिनिअर होतो आणि ते प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत. पदवी नव्हती, पण त्यांनी लिहिलेला आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. हवल्ली भागातल्या आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. पापड भाजताना ते हमखास सांगत, "आमचे बाबा लहानपणी उन्हाळ्यात सरोवराच्या काठचा खार खरवडून आणत. साबणाले तोच, पापडाले तोच." बाबांचं बोट धरून ते स्वतःही कित्येकदा सरोवराची ती उतरण उतरले होते.

कोरोनात विमानं बंद झाली. त्याच उन्हाळ्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं. गावात कुणी देवीचा कोप म्हणे, कुणी आणखी काही. पंच्याऐंशी वर्षांच्या बाबांनी हृदयाच्या गोळ्या घेणं सोडलं. "देवी बोलावते, तर गोळ्या कशाले?" एवढंच त्यांचं म्हणणं. डॉक्टर सांगून थकले, सून रडली. अंबादासभाऊ रोज फोनवरून समजावत, "बाबा, पाऊस कमी झाला, पाणी आटलं, खार वाढला. अशा खारात बारके जीव वाढतात, त्यांचा तो रंग हाये." बाबा ऐकून घेत आणि फोन सुनेकडे देत.

आम्हाला कामावर जायचा पास होता. एका सकाळी अंबादासभाऊ माझ्याकडे आले. कारखान्याच्या मागे एक उथळ तळं होतं, त्यात मिठाचं जुनं पाणी उन्हात पडून असे. ते म्हणाले, "तिथलं पाणी पाह्यलं का? बाटलीभर घरी न्यायची परवानगी काढून द्या." मी साहेबांना विचारलं. कारण ऐकून त्यांनी लगेच सही केली.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत मी फोन धरून उभा राहिलो. अंबादासभाऊंनी काचेच्या पेल्यात पाणी ओतलं. फिकट गुलाबी. पेला त्यांनी फोनसमोर धरला.

"बाबा, हे कुवेतचं पाणी. इथं आपली देवी नाही. तरी पाहा."

पडद्यावर म्हातारा चेहरा जवळ आला. बराच वेळ ते पाहत राहिले.

"तिथंबी?"

"इथंबी."

"वास येते का त्याले?"

"येते थोडा. आपल्याएवढा नाही."

बाबा मागे वळून सुनेला म्हणाले, "गोळ्या कुठं ठेवल्या वं?"

अंबादासभाऊंनी पेला खाली ठेवला आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

विमानं सुरू झाल्यावर ते महिन्याच्या रजेवर लोणारला गेले. आधी चौदा दिवस पुढच्या खोलीत एकटे राहिले, बाबा खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसत. पावसानंतर सरोवर पुन्हा हिरवं झालं होतं. रजा संपत आली तेव्हा मी फोन केला.

"कधी येताय?"

"नाही येत आता. राजीनाम्याचं पत्र पाठवलं. तेवढी खोली रिकामी करून द्या."

"असं अचानक?"

"बाबा रोज काही ना काही विचारतात. पाणी लाल काहून झालं, समुद्राले मीठ कुठून येते, विमान वर कसं राह्यते. बावीस वर्षं मी फोनवर फक्त तब्येत विचारली, भाऊ. त्याहिले एवढं विचारायचं होतं, मले माहीतच नव्हतं."

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "कोनाचा फोन हाये रे?"

"थांबा, सांगतो," असं त्यांना म्हणत अंबादासभाऊंनी फोन ठेवला.