सेल्फ-पॅक, अह?

सिंगापूरहून कामासाठी दर महिन्याला पुण्याला जाताना विमानतळाच्या तपासणीत बहुधा तेच काका असत. ते चेहरा बघत नसत, फक्त हात बघत आणि विचारत, "बॅग सेल्फ-पॅक, अह?" म्हणजे बॅग स्वतःच भरलीय ना. मी हो म्हणे.

या खेपेला बॅगेत आईच्या अस्थींचा तांब्याचा कलश होता. एक्स-रेच्या पडद्यावर तो नुसता काळा दिसला. त्यांनी तेच विचारलं.

"नो अंकल, हा कलश भावाने भरलाय," मी खरं ते सांगून बसलो. दुसऱ्याने भरलेलं म्हणजे आता तो उघडणं आलं, आणि गोदावरीआधी त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सुटायला नको होतं.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सावकाश पुन्हा विचारलं, "सेल्फ-पॅक, अह?"

"येस, अंकल."

कलश तसाच परत मिळाला. विमानात बसल्यावर मात्र मन खाऊ लागलं: असं दोनदा त्यांनी या विमानातल्या आणखी कोणाला विचारलं असेल?